चार नंबरशेजारी

"अहो, मी तिकीट काढलंय, रोग नाही! या माणसाशेजारी मी बसणार नाही." तीन नंबरच्या बाई पर्स छातीशी धरून उभ्याच राहिल्या.

उत्तरेश्वर यादी घेऊन गाडीत चढला. हडपसरला गाडीतळावर ट्रॅव्हल्सचं बुकिंग त्याने सतरा वर्षं सांभाळलं होतं. टाळेबंदीआधीची ही शेवटची गाडी. पुण्यात साथ आली म्हटल्यावर जो तो गावाकडे पळत सुटला होता. खोकणारा दिसला की उतरव, असं मालकाने बजावलं होतं. पण चार नंबरवर होता शंभू, त्याच्याच गावचा. तोंडाला रुमाल लावून खोकत तो नुसते हात जोडत होता. गावच्या माणसाला भर रस्त्यात उतरवलं, तर उद्या गावात कोणत्या तोंडाने जायचं?

एक नंबरवरून उत्तरेश्वरची आई उठली. मुक्ताईला मुळात जायचंच नव्हतं. "तुझ्यापाशीच ऱ्हाते" म्हणत होती. पण गावी धोका नाही, असं ठणकावून यानेच तिला गाडीत बसवलं होतं.

"मी बसते की शंभूपाशी. आपलंच लेकरू हाय. बाईला माझी जागा दे."

उत्तरेश्वरला सुटल्यासारखं झालं. त्याने यादीत आईच्या नावापुढचा एक खोडून तीन केला आणि खाली उतरून गाडी सोडली.

आठव्या दिवशी आरोग्य खात्यातून नंदा नावाच्या बाईंचा फोन आला. "चार नंबर पॉझिटिव्ह आहे. शेजारी कोण होतं?"

"आई."

"कोणाची?"

"माझी."

बाईंनी ते लिहून घेतलं. मग त्यांनी गाडी कुठे कुठे थांबली ते विचारलं. त्याने सात थांबे घडाघडा सांगितले. पुढच्या आठवड्यात त्यांतल्या पाच गावांत रुग्ण निघाले. आजार तिकीट काढून बसल्यासारखा एकेका थांब्यावर उतरला होता.

शंभू तालुक्याच्या दवाखान्यात बरा झाला. मुक्ताईला गावाने शाळेच्या खोलीत कोंडलं. पाणी खिडकीतून काठीने आत सरकवायचे. तिला ताप चढला, तेव्हा तालुक्याला न्यायला कोणी गाडी काढेना. ती रोज फोन करायची.

"उत्तरू, गाडी कवा लावतोस रं?"

"लावतो आई. उद्या लावतो."

कसली लावतोय! मेल्याने सतरा वर्षं अख्ख्या जिल्ह्याला गावी पोचवलं, आणि आता याला हडपसरचा नाका ओलांडू देत नव्हते. पासासाठी चार अर्ज केले, चारही फेटाळले.

ताप चढल्याच्या पाचव्या दिवशी सरपंचांचा फोन आला. "म्हातारी गेली. आमी उरकलं सगळं. तू येऊ नगंस. तुज्याच गाडीनं आणलं हे गावात."

"तिचा मोबाईल?" त्याला दुसरं काही सुचलंच नाही.

"खोलीतच हाय. त्याला कोण हात लावंल?"

उत्तरेश्वरने फोन ठेवला आणि आईचा नंबर लावला. तो वाजत राहिला, रिंग आपोआप तुटेपर्यंत. त्याने पुन्हा लावला. दोन दिवस तो तेवढंच करत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी आईचा फोन बंद लागला.