मांजरीच्या मिशीचा स्फटिक

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, असं म्हणत बार्बा येर्को, म्हणजे सगळ्यांचे येर्कोकाका, प्रयोगशाळेच्या दारात कॉफीचा कप घेऊन उभे राहिले. कॉफी आत न्यायला बंदी होती आणि निवृत्त झाल्यावरही घरी बसून कॉफी पिणं त्यांना जमलं नव्हतं. अख्ख्या स्प्लिट शहरात त्यांच्याइतक्या थापा कोणी मारत नसे.

आत कामाला बसलेल्या तोंकाचं अर्धं लक्ष सूक्ष्मदर्शकाखाली होतं. जठरात व्रण करणाऱ्या जिवाणूचं एक एन्झाइम तिनं हिवाळाभर खपून शुद्ध केलं होतं. रचना कळायची तर आधी स्फटिक हवेत, आणि ते धरेनात. शेवटी बार्बांनी आपल्या मांजरीची गळालेली मिशी आणून दिली होती. आधीच्या फसलेल्या थेंबातल्या चुऱ्यात ती बुडवायची आणि नव्या थेंबातून ओढायची, म्हणजे स्फटिकाला बी मिळतं. तसंच झालं, तीन उगवले. पण थेंबात मीठही असतं, आणि मिठाचे स्फटिकही असेच देखणे दिसतात. उद्या सकाळी इटलीतल्या त्रिएस्तच्या क्ष-किरण यंत्रावर तिची पाळी होती. मीठ घेऊन गेली तर पुढच्या वर्षापर्यंत कोणी दारात उभं करणार नव्हतं. सुईनं एक दाबला की उलगडा होतो, एन्झाइमचा असेल तर मऊ लागतो, पण तीनातला एक चिरडायला हात धजत नव्हता.

बार्बा मात्र रंगात आले होते. या एन्झाइमसारखं बहाद्दर दुसरं नाही, म्हणे. जठरातलं आम्ल भल्याभल्यांना जाळतं, आणि हे पठ्ठं निकेलच्या दोन अणूंच्या चिमटीत युरिया धरतं, तोडतं, त्याचा अमोनिया करतं. भोवतालचं आम्ल निवतं आणि जिवाणू त्यात आरामात बसतो. भर बोऱ्याच्या, त्या झोडपणाऱ्या थंड वाऱ्यात कोणी गच्चीवर पत्ते खेळत बसावं तसा.

"शत्रू आहे गं पोरी, पण कारागीर बघ," ते म्हणाले. एवढं मात्र खरं होतं, आणि ते ऐकताना तोंकाला आपल्या हिवाळ्याचं वाईट वाटेनासं झालं. तिनं सुई उचलली.

मग बार्बांची गाडी त्यांच्या स्वतःच्या स्फटिकावर आली, ज्याचा फोटो खालच्या जिन्यात चौकटीत टांगलेला होता. ऑलिव्हच्या बीएवढा. जगात याच एन्झाइमचा तसला पहिला. तो म्हणे त्यांनी सुईनं दाबला, तर असा टक्क वाजला की मासळीबाजारातल्या बायकांचे तराजू थांबले.

तोंकानं सगळ्यात लहान स्फटिकावर सुई टेकवली. तो लोण्यासारखा दबला आणि आवाज न करता विरघळल्यासारखा पसरला. तिनं श्वास सोडला. दोन उरले होते, आणि ते खरे होते.

मग ती दाराकडे वळली.

"बार्बा, टक्क वाजला म्हणजे ते मीठ होतं. जिन्यात इतकी वर्षं मीठ टांगलंय तुम्ही."