कॉफी कलक्कते

विशालाक्षीला दहावीनंतर शाळेतून काढलं, कारण धाकट्या भावाला शिकवायचं होतं. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या, पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणाऱ्या गल्लीत याची कुणाला लाज वाटली नाही. आता साठाव्या वर्षी ती मोबाइलवर जटिलतेचा कोर्स करत होती: कुणी हुकूम न देता मुंग्यांत, रहदारीत आपोआप शिस्त कशी येते, ते शिकवणारा. शेवटच्या प्रश्नात अशा शिस्तीचं स्वतःच्या आयुष्यातलं उदाहरण हवं होतं. दोनदा तिने मुंग्याच लिहिल्या आणि दोनदा नापास झाली. आज शेवटची संधी होती.

"मला नाही जमायचं गं," ती नातीला म्हणाली.

हरिताला मराठी कळायचं, पण ती उत्तर तमिळमध्येच द्यायची. आज आजीचे भरलेले डोळे बघून ती मराठीत म्हणाली, "रडू नको आजी. मी कॉफी कलक्कते."

ढवळणं म्हणजे तमिळमध्ये 'कलक्क'. पोरीने त्याला मराठी शेपूट लावलं होतं. पुण्याचा एक पाहुणा घरातल्या याच तमिळमिश्रित बोलीला मोडकी म्हणून हसला होता, आणि विशालाक्षीने मान खाली घातली होती.

"हे कुणी शिकवलं तुला?"

"कुणी नाही. चुकलं?"

"चुकलं कसलं! हेच तर माझं उत्तर!"

तिने लिहिलं, 'आमची बोली. शब्द तमिळ, शेपूट मराठी, हा नियम कुणी केला नाही, तरी माझी नात तो पाळते. ही बोली मोडकी नाही.'

"पास होशील?" हरिताने विचारलं.

"नापास करून तर बघू देत! कॉफी कलक्कलीस का?"