पहिल्या तारखेचा बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे, पण माझ्यावर बसायची घाई करू नका. त्यासाठी आधी केस पांढरे करावे लागतात. मी पेन्शन कचेरीत राहतो, खिडकीसमोर, भिंतीला पाठ लावून.

मला घडवणारा सुतार मोठा फटकळ होता. साहेब म्हणाले, "यावर पाच माणसं बसली पाहिजेत."

"चौघांचा आहे. पाचवा मांडीवर घ्या," सुतार म्हणाला.

"म्हातारी माणसं वाळलेली असतात, मावतील," साहेब म्हणाले. आणि मावली की हो! बसून बसून त्यांनी माझ्या फळ्या आरशासारख्या गुळगुळीत केल्या.

माणूस पारखायचा तर त्याचं बसणं बघावं. तोंड खोटं बोलतं, बैठक बोलत नाही. मुलाच्या घरी अंग चोरून बसणारे आजोबा पहिल्या तारखेला खिडकीवरून परतले, की माझ्यावर ऐसपैस पाय पसरत. रक्कम बेताचीच; पण सुनेपुढे हात पसरायला नको, उलट नातवाच्या हातावर काहीतरी ठेवता येतं. हातपाय चालतात तोवर सगळ्यांनी थोडं थोडं बाजूला टाकायचं आणि थकल्यावर ज्याच्या त्याच्या ताटात वाढायचं, हा हिशेब ज्या कोणी मांडला त्याला माझा नमस्कार.

पण त्यातली एक अट मला कधी पटली नाही.

माझ्या डाव्या टोकाला बंबवाल्या मावशी बसत. नवरा अग्निशामक दलात होता, एका आगीत गेला. त्याच्या पेन्शनमधला अर्धा भाग मावशींना मिळे. मात्र त्यांनी दुसरं लग्न केलं, की तो बंद. म्हणून वर्षातून एकदा कारकून खिडकीतून सगळ्यांदेखत विचारी, "मावशी, पुन्हा लग्न केलंत का?"

"विचारतंय कोण मेलं!" मावशी ठसक्यात म्हणत, आणि अख्खी रांग खो खो हसे.

उजव्या टोकाला मीटरवाले काका बसू लागले. जन्मभर घरोघर विजेचे मीटर वाचत हिंडलेला हा विधुर. मधल्या तिघांच्या डोक्यांवरून दोघांच्या गप्पा चालत.

"घरी कोण असतं तुमच्या?" मावशींनी एकदा विचारलं.

"रेडिओ. तुमच्याकडे?"

"गळका नळ. दुरुस्त करत नाही मी. तेवढाच आवाज."

पुढे मधले तिघे एकेक करून यायचे थांबले. का, ते कचेरीत कोणी विचारत नाही. जागा रिकामी होत गेली तसे काका थोडे डावीकडे सरकले, मावशी थोड्या उजवीकडे. मावशी दोघांचा डबा आणू लागल्या. महिन्यातून एक दिवस, खिडकी बंद होईपर्यंत, माझ्यावर संसार मांडलेला असे.

एकदा जेवता जेवता काका म्हणाले, "बाई, एक चूल दोघांना पुरेल."

"चूल पुरेल हो, चुलीवर ठेवायचं काय? तुमची पेन्शन औषधांनाच पुरत नाही, आणि माझी दुसऱ्या दिवशी बंद."

"मग लग्न न करताच राहू."

"या वयात पळवून नेताय होय मला? तेही नाही चालत. एका घरात संसार दिसला तरी बंद करतात. आमची शेजारीण तर टपूनच बसलीय." मावशी हसल्या. काकाही हसले. मग मावशींनी अर्धा भरलेला डबा तसाच बंद केला.

त्या वर्षी कारकुनानं नेहमीचा प्रश्न विचारला. रांग हसायच्या तयारीत होती. मावशी नुसतं "नाही" म्हणाल्या. कारकुनानं मान वर करून पाहिलं आणि शिक्का मारला.

अशीच काही वर्षं गेली. मग एका पहिल्या तारखेला काका आले नाहीत. मावशींनी डबा त्यांच्या जागेवर ठेवला. कोणी बसायला आलं, की म्हणायच्या, "येताहेत, येताहेत." दुपारी एक पोक्त गृहस्थ आला.

"डबा जरा सरकवता? वडिलांची पेन्शन बंद करायला आलोय. मीटर वाचायचे ते. महिना होत आला त्यांना जाऊन."

मावशींनी डबा उचलून मांडीवर घेतला.

"ओळखत होता का त्यांना?" त्यानं विचारलं. "तुम्ही कोण त्यांच्या?"

मावशींनी मांडीवरचा डबा सावरला. म्हणाल्या, "आम्ही... एका बाकावरचे."

"अच्छा," तो म्हणाला आणि नंबर लागला म्हणून उठला. तो तरी काय करणार? महिनाभर मावशींना कोणी कळवलं नाही, कारण कळवावं असं त्या काकांच्या कोणीच नव्हत्या.

त्या दिवशी डबा उघडला गेला नाही.

आता पेन्शन परस्पर बँकेत जमा होते. कचेरीत शुकशुकाट असतो. मला कोपऱ्यात सरकवलंय, माझ्यावर जुन्या फायली रचल्यात. मावशींना येण्याचं काही कारण उरलेलं नाही. तरी पहिल्या तारखेला त्या येतात, फायली बाजूला करून टेकतात, आणि खिडकी बंद झाली की जातात. एवढ्या लांब बाकावर एकटं माणूस फार हलकं लागतं हो. फळीसुद्धा करकरत नाही.

मित्रांनो, जुने बाक शेवटी म्हणतात, आमच्यावर नावं कोरू नका, आम्हाला रंग द्या. मला रंग नको. उद्या तुमच्यापैकीच कोणीतरी खिडकीच्या पलीकडे बसेल आणि नियम लिहील. म्हाताऱ्यांच्या ताटात वाढताना हात आखडू नका. आणि एवढं करा, ते ताट एकट्यानंच जेवलं पाहिजे, अशी अट घालू नका.