खुणेचं पोतं

खमीसच्या दुकानात विकायला आता खमीसच तेवढा उरलाय, असं बायका म्हणत होत्या. पिठाच्या कोठीतली झाडलोटसुद्धा त्याने मापून विकली होती. दरवर्षीचा वादळी वारा तोंडावर आला होता. तो एकदा सुटला की चार महिने अरबी समुद्रातल्या सोकोत्रा बेटाला कुणी वाली नसतो. गलबत येत नाही, होडी निघत नाही, घरात भरून ठेवलं असेल तेवढ्यावरच दिवस काढायचे. मुकल्ला बंदरातून पिठाचं शेवटचं गलबत यायचं होतं आणि घानियाचा नवरा सालमीन त्यावर खलाशी होता.

"तुझं बरंय बाई," शेजारीण म्हणाली, "तुझं पीठ नवऱ्याच्या मांडीवर बसून येतंय. आम्हाला या खमीसच्या दाढीला हात लावावा लागतो."

"लावा, लावा. दाढीतूनही थोडं पीठ निघेल," खमीस म्हणाला.

घानिया सगळ्यांबरोबर हसली, पण नजर तिची समुद्राकडेच होती. गेल्या वर्षी वारा सरायच्या आधीच पीठ संपलं होतं. खजूर आणि शेळीचं पाणचट दूध यांवर कसेबसे दिवस ढकलले आणि सासू मरता मरता वाचली. म्हणून यंदा निघताना घानियाने सालमीनला ठणकावलं होतं, "पिठाशिवाय आलास तर तोंड दाखवू नकोस."

तो आपला हसत म्हणाला, "मी नाही आलो तरी पीठ येईल, झालं?"

असलं कुणी बोलतं का? पण सालमीनच्या जिभेला हाड नव्हतं.

आणि यंदा वारा लवकर आला. पहाटे डोंगराएवढ्या लाटा घेऊन तो पश्चिमेकडून खाडीत घुसला आणि घरांवरची झापं उडवू लागला. गलबताचा पत्ता नव्हता. उजाडल्यावर किनाऱ्यावरून आरोळी आली, "पोती! पोती आली!"

सारं गाव धावलं. पांढऱ्या फेसात पिठाची पोती हेलकावत होती. साखर-तांदूळ तळाला जातात, पीठ तरंगतं. वरचा थर भिजून त्याची खपली धरते आणि आतलं कोरडं राहतं. बायका कंबरभर पाण्यात शिरल्या. "माझा माल! माझा माल आहे तो!" असं ओरडत खमीस इकडून तिकडे पळत होता. ऐकतोय कोण?

घानिया काठावरच थिजली. म्हातारा तांडेल बखीत तिच्याजवळ आला.

"रडायला लागू नकोस, पोरी. ही व्यापाऱ्याची पोती आहेत, कोरी, बिनखुणेची. नाखव्याने गलबत हलकं केलंय, म्हणजे गलबत आहे अजून. खलाशांची घरची पोती तो शेवटी टाकतो. ती यायला लागली तर गलबत गेलं समज." दर्यावरच्या सगळ्यांना तो रिवाज ठाऊक होता.

मग गाव पीठ ओढत राहिलं आणि घानिया एकेका पोत्याची खूण बघत फिरू लागली. कोरं दिसलं की तिचा श्वास सुटायचा. पुढचं दिसलं की परत अडकायचा. तिची सासू मिस्काही फिरत होती. ती घानियाची सख्खी आत्या. दोघी एकमेकींना टाळून चालत होत्या.

खाडीच्या टोकाला, जिथे कुणी नव्हतं, तिथे घानियाला ते दिसलं. एक उभी रेघ, खाली दोन ठिपके. तीच खूण त्यांच्या शेळ्यांच्या कानावर होती. रिकामं पोतं शिवून सालमीनबरोबर देताना तिनेच त्यावर ती डांबराने काढली होती. पोतं हळूच येऊन तिच्या गुडघ्यांना टेकलं.

मी नाही आलो तरी पीठ येईल.

आत्याने हे पाहिलं तर ती जागच्या जागी मरेल, हे पहिलं मनात आलं. दुसरं आलं ते वेड्यासारखं होतं: पोतं सापडलंच नाही, तर सालमीन बुडालाच नाही. ती गळ्यापर्यंत पाण्यात गेली आणि सगळं बळ लावून तिने चार महिन्यांचं अन्न समुद्रात परत ढकलून दिलं. लाटेने ते खडकांपलीकडे नेलं.

आत्या बऱ्याच उशिरा घरी आली. तिच्या नखांत वाळू भरली होती.

"काही दिसलं का गं?" तिने विचारलं.

"नाही. तुला?"

"मला कुठलं दिसतंय, म्हातारीला."

त्या रात्री दोघींनी चूल पेटवली नाही. वारा दार धडकवत होता आणि दर धडकेला दोघी उठून बसत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी दार धडकलं ते वाऱ्याने नव्हे. दारात सालमीन उभा होता. पाय सोलवटलेले, ओठ मिठाने फुटलेले. घानियाने आधी त्याच्या छातीवर दोन्ही मुठी मारल्या आणि मग तिथेच तोंड खुपसून ती रडली.

"अगं, श्वास तर घेऊ दे," तो म्हणाला. "खाडीत वळताच येईना. नाखवा म्हणाला, उत्तरेच्या आडोशाला पळायचं. पळालो. सगळे सुखरूप आहेत. डोंगर तुडवत आलोय मी."

"आणि पोतं?" घानियाने दबक्या आवाजात विचारलं.

"ते तर तुला मिळालंच असेल! खाडीसमोरून जाताना मीच सोडलं. लाट सरळ घराकडे जात होती. म्हटलं, पाठीवर घेऊन डोंगर कशाला चढू? बायकोला कबूल केलंय, आपल्याआधी पीठ पोचू दे."

"मी परत ढकललं ते," घानिया म्हणाली. "आत्याला दिसू नये म्हणून."

आता वारा संपेपर्यंत खायचं काय, या विचाराने सालमीनची नजर विझलेल्या चुलीकडे गेली. कोपऱ्यातून आत्या उठली. तिने ओढणी डोक्याला घट्ट बांधली आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

"खडकांपलीकडे लागलं होतं ते," ती म्हणाली. "मी पुरलं वाळूत. हिला दिसू नये म्हणून. पुरून वर मयताचा फातिहा पढले रे मी. तुझाच."

तिघं एकमेकांना धरून किनाऱ्यावर गेली. वाळू अंगावर सुयांसारखी टोचत होती. आत्याने जागा दाखवली आणि सालमीन गुडघ्यांवर बसून उकरू लागला. तो उकरत होता तोवर दोघी बायका त्याचा सदरा दोन बाजूंनी मुठीत पकडून उभ्या होत्या. पोतं वर आलं तरी त्यांनी तो सोडला नाही.