मुक्काम: उजवा बूट

मित्रांनो, मी एक जुना तारेचा ब्रश आहे. लोखंडावरचा गंज खरवडतात, तो. दात घासायच्या आणि केस विंचरायच्या ब्रशांशी माझं भाऊबंदकीचं नातं आहे, म्हणजे आमचं बोलणं नाही. सध्या माझा मुक्काम उजव्या पायाच्या एका काळ्या बुटात आहे. तिथे पूर्वी पाय राहायचा. तो पाय कसा गेला आणि त्यात माझा हात किती, हे सांगायला मी आज बसलो आहे. मला हात नाही, ही अडचण तुम्ही पोटात घालावी.

माझा जन्म एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. लाकडी दांड्याला भोकं पाडली आणि भोकाभोकात पोलादी तारांचा एकेक झुपका ठोकला. चार रांगा, रांगेत सोळा झुपके. माल तपासणाऱ्या बाईंनी माझ्यावर अंगठा दाबला, "स्स्" केलं आणि मला चांगल्या मालाच्या खोक्यात टाकलं. समोरच्याला दुखलं की आपण पास, हे मी पहिल्याच दिवशी शिकलो.

मला एका रंगाऱ्याने घेतलं. हा भिंतींचा रंगारी नव्हे, लोखंडाचा. फाटकं, जिने, गॅलरीचे कठडे, टाकीच्या शिड्या. त्याचा मंत्र एकच होता: आधी खरवड, मग रंग. घाईतल्या गिऱ्हाइकाला तो ऐकवायचा, "साहेब, गंजावर रंग म्हणजे गंजाला पांघरूण. आत तो मजेत झोपतो, आणि झोपेत लोखंड खातो." माझं काम झालं की तो रेड ऑक्साइडचा प्राइमर, म्हणजे रंगाखालचा लाल थर, मारायचा. हा प्राइमर म्हणजे एका प्रकारचा गंजच असतो. गंज थांबवायला गंज फासायचा, या माणसांच्या युक्तीवर मी काही वर्षं विचार केला आणि मग सोडून दिला.

काम करताना मी त्याला दिवसातून दोनदा तरी टोचायचो. "आई गं! मेल्या, मालकालाच चावतोस?" असं म्हणून तो बोट तोंडात घालायचा, आणि संध्याकाळी मला टर्पेंटाइनने पुसून जुन्या फडक्यात गुंडाळून ठेवायचा. "हा आहे म्हणून मी आहे," असं तो चारचौघांत माझ्याबद्दल बोलायचा. पण खरं सांगू, मला ते "आई गं"च जास्त आवडायचं. आपण कुणाला तरी जाणवतो, याहून ब्रशाला काय हवं?

मग एका उन्हाळ्यात "आई गं" कमी झालं. मला वाटलं, मी सुधारलो. तेवढ्यात त्याची पाण्याची बाटली तासाभरात संपू लागली, आणि दर थोड्या वेळाने तो शिडीवरून उतरून आडोशाला जाऊ लागला. त्याची बायको घरी शिलाई मशीनवर कपडे शिवायची. ती म्हणाली, "अहो, पाणी पिताय की टाकी भरताय?"

"उन्हात काम करतो मी. तुझ्यासारखं पंख्याखाली बसत नाही."

"पंखा बंदच असतो. कापड उडतं."

त्याच सुमारास एका दवाखान्याचं दोन झडपांचं फाटक रंगवायचं काम आलं. डावी झडप आम्ही दोघांनी मिळून लख्ख खरवडली. मग तो पायरीवर धापा टाकत बसला. आतल्या डॉक्टरीणबाईंनी ते पाहिलं, त्याला बोलावून घेतलं आणि बोटातून रक्ताचा थेंब काढला. साखर तीनशे चाळीस निघाली. मी त्याच्या मागच्या खिशातून सगळं ऐकत होतो.

"बूट काढा, डोळे मिटा. पायाला काही लागलं की 'हो' म्हणा," बाई म्हणाल्या. त्यांच्या हातात नायलॉनचा एक तंतू होता. एकच! माझ्याकडे हजारभर तारा, तरी मला दवाखान्यात कुणी उभं करत नाही, आणि या एकट्याला टेबलाच्या खणात स्वतंत्र जागा. बाई तळव्यावर ठिकठिकाणी तंतू टेकवत गेल्या. रंगारी गप्प. बराच वेळ झाला, आता काहीतरी म्हणायला हवं, असं वाटून तो म्हणाला, "हो." तेव्हा बाई तंतू खणात ठेवत होत्या.

त्या खुर्ची ओढून समोर बसल्या. "हे बघा, रक्तात साखर फार वाढली की ती जाळताना पेशींमध्ये जास्तीच्या ठिणग्या उडतात. त्या नसांना आणि रक्तवाहिन्यांना आतून खातात, मग हातापायांना लागलेलं कळेनासं होतं. ठिणग्या विझवणारी माणसं शरीराने ठेवलेली असतात, त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. पण ठिणग्या वाढल्या की ती माणसं कमी पडतात."

"म्हणजे गंज," रंगारी म्हणाला.

"जवळजवळ गंजच."

मित्रांनो, बाईंचं "जवळजवळ" त्याने ऐकलं नाही. तो खुर्चीत ताठ बसला. आयुष्यभर ज्याच्याशी भांडलो तो आपल्याच पायात निघाला, याचा त्याला थोडा अभिमानच वाटला असावा.

"आणि ते अँटिऑक्सिडंट मिळतात कुठे?"

"भाज्यांत, फळांत. कॅप्सूलही मिळतात, पण त्यांनी मधुमेहाचं नुकसान थांबतं असं सिद्ध झालेलं नाही. तुम्ही साखर उतरवा. या गोळ्या चुकवू नका, रोज चाला, अनवाणी फिरू नका आणि रोज तळपाय बघा."

तो मान हलवत होता. ती मान माझ्या ओळखीची होती. "साहेब, उद्या नक्की येतो," असं गिऱ्हाइकाला सांगताना तो तशीच हलवायचा.

संध्याकाळी घरात अँटिऑक्सिडंटच्या नारिंगी कॅप्सूलांची बाटली आली. "हा आतला प्राइमर," त्याने बायकोला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या उजव्या झडपेपाशी तो दमून उभा राहिला. मी खिशातच होतो. त्याने मला काढलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याने गंजावरच प्राइमर मारला. त्याआधी एक कॅप्सूल डब्यात फोडून ढवळली आणि फाटकाला म्हणाला, "घे, तुलाही एक."

महिन्याभरात बाईंनी दिलेल्या, साखर उतरवायच्या गोळ्या बंद झाल्या. बायकोने विचारलं, तर म्हणाला, "पोट बिघडतं त्यांनी. आणि प्राइमर चालू आहे ना?"

"पोट बिघडतं तर बाईंना विचारा, बदलून देतील. आणि तुम्हीच म्हणता ना, आधी खरवड, मग रंग?"

"ते लोखंडाचं."

"मग गंज कशाचा म्हणालात?"

त्याने चहात तिसरा चमचा साखर घातली.

आता मला कुणी टर्पेंटाइनने पुसत नव्हतं. मी घरच्या गॅलरीत, तारा वर करून, उताणा पडून असायचो. गंज खरवडणाऱ्याला गंज चढला. एका रविवारी सकाळी रंगारी कपडे वाळत घालायला अनवाणी गॅलरीत आला, आणि त्याचा उजवा पाय पूर्ण भार देऊन माझ्यावर पडला.

मी टोचलो. चारही रांगांनी टोचलो. आणि "आई गं"ची वाट पाहिली.

माझ्यावर उभं राहून त्याने चार शर्ट वाळत घातले. दोन टॉवेल घातले. चादर झटकली, तिची टोकं जुळवली, चिमटे लावले. मधे शीळसुद्धा घातली. मग तो आत गेला.

"अहो, फरशीवर रंग सांडलात!" आतून बायकोचा आवाज आला.

"रेड ऑक्साइड असेल."

फरशीवर फडकं फिरल्याचा आवाज आला. मग ती हळू आवाजात म्हणाली, "डबा आठवडाभर उघडलेला नाही तुम्ही. पाय दाखवा."

तिने पाय धुतला, पट्टी बांधली आणि चप्पल घालून दारात उभी राहिली. "चला दवाखान्यात."

"दुखत नाही तर दवाखान्यात जाऊन सांगू काय? की बाई, मला काही होत नाहीये?"

त्या दिवशी ती हसली नाही. रोज म्हणत राहिली, चला, चला. तो रोज म्हणत राहिला, दुखत नाही. बाराव्या दिवशी घरात वास सुटला, आणि मग त्याला उचलूनच न्यावं लागलं. मोठ्या इस्पितळात जखमेतून एक तार निघाली. चौथ्या रांगेतली, सातव्या झुपक्यातली. तिची जागा माझ्यात अजून रिकामी आहे. पाय घोट्याच्या वर कापला.

घरी परतताना त्याने दवाखान्यापाशी गाडी थांबवायला लावली. फाटकाची डावी झडप जशीच्या तशी होती. उजवीला फुगे आले होते. बायकोच्या खांद्याचा आधार घेऊन त्याने एका फुग्यावर बोट ठेवलं, तर तळहाताएवढा पोपडा निघून आला. "हे माझं काम," तो म्हणाला.

"डावं पण तुमचंच आहे," बायको म्हणाली. तिला त्याला धीर द्यायचा होता. तो दिला गेला नाही.

हे सगळं तिने मला नंतर सांगितलं, म्हणजे मला फेकायला उचलताना ती स्वतःशीच बोलत होती. "राहू दे," तो पलंगावरून म्हणाला.

"कुठे ठेवू याला?"

"त्या बुटात ठेव. रिकामाच आहे."

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाला मधुमेह असेल तर रोज त्यांचे तळपाय बघा. ते नको म्हणतील, तरी बघा. डॉक्टरांची गोळी सोडून कुणी नारिंगी बाटलीवर विसंबत असेल तर त्यांच्याशी भांडा. आणि "दुखत नाही" असं म्हणाले तर जास्त घाबरा. हे मी सांगतोय, ज्याचं सगळं आयुष्य दुखवण्यात गेलं.

आता तो वेळेवर गोळ्या घेतो. रोज सकाळी खुर्चीत बसतो, बायको छोटा आरसा धरते, तो डावा तळपाय बघतो. मग डाव्या बुटात हात घालून खडा, खिळा काही आहे का ते चाचपतो. आणि जुन्या सवयीने त्याचा हात उजव्या बुटातही येतो. इथे मी असतो, तारा वर करून. त्याची बोटं माझ्यावर टेकतात, दाबतात, पुढे सरकतात. मी उरलेल्या सगळ्या तारांनी, गंजासकट, जीव खाऊन टोचतो.

"काही नाही," तो बायकोला सांगतो, आणि हात बाहेर काढतो.