बाकीचे शब्द

"तीन शब्द सांगते, आजोबा. लक्षात ठेवा हं, मी नंतर विचारणार आहे. छत्री, लिंबू, चावी."

"छत्री, लिंबू, चावी," माझे सासरे ठणकावून म्हणाले. "काय, येताना घेऊन यायचंय का?"

सिस्टर हसली. मला हसू येईना. लेक मांडीवर चुळबुळत होती. सोमवारी मी कामावर रुजू होणार, ती दिवसभर बाबांजवळ राहणार, असं सगळं ठरलेलं. पण गेल्या आठवड्यात बाबांनीच तिला तापाचं औषध पाजलं, आणि थोड्या वेळानं ते पुन्हा बाटली-चमचा घेऊन हजर. "द्यायचं राहिलंय ना?" मी त्यांचा हात धरला म्हणून बरं. नवरा म्हणाला, "राईचा पर्वत करू नकोस. विसरतो मीही."

तो मोजे विसरतो.

"आता एक घड्याळ काढा."

बाबांनी जन्मभर बस चालवली. गोल तर सुबक काढला, पण आकडे सगळे उजवीकडेच दाटीवाटीनं बसले. डावी बाजू कोरी. त्यांच्याही ते लक्षात आलं.

"बघा, सगळे दाराशीच उभे. आत जागा आहे, पण सरकतंय कोण!"

"बरं, मघाचे शब्द सांगा आता."

"चावी." आणि ते थांबले. टेबलाकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. कपाळावर घाम आला. मला राहवेना. सिस्टरची मान कागदात होती तेवढ्यात मी नुसते ओठ हलवले, लिंबू.

बाबांनी ते पाहिलं. माझ्यावरची नजर शांतपणे काढून घेतली आणि सिस्टरकडे वळून बसले.

"सिस्टर, माझ्याकडे एकच आहे. बाकीचे सूनबाईकडे आहेत."

"ही नुसती पहिली चाळणी असते, आजोबा. एवढ्यावरून काही ठरत नाही. डॉक्टर आणखी तपासण्या करतील," ती म्हणाली. पाहत मात्र माझ्याकडे होती.

बाहेर आल्याबरोबर लेकीनं माझ्या कडेवरून त्यांच्याकडे झेप घेतली. एरवी ते वरच्यावर झेलतात. आज त्यांनी हात मागे घेतले. तिनं भोकाड पसरलं.

"थांब गं, चिमणे."

ते भिंतीलगतच्या बाकावर बसले. पाठ टेकवली, पाय जुळवून घेतले.

"दे आता तिला," ते म्हणाले. "पण तू जाऊ नकोस कुठं. इथंच उभी राहा."