मतावर दावा होत नाही

तिचा जनावरांचा दवाखाना होता. एके सकाळी एका माणसाने अगदी गळून गेलेली मांजर आणली. तिने जिवाचं रान केलं, पण मांजर वाचली नाही. त्या माणसाने इंटरनेटवर लिहिलं, ‘ही डॉक्टरीण निष्काळजी आहे. मुदत संपलेलं इंजेक्शन देऊन हिने माझी मांजर मारली.’ ते वाऱ्यासारखं पसरलं. दवाखान्यातली बाकडी ओस पडली.

ती तणतणत मावसभावाकडे गेली. तो वकील.

“दादा, खेच त्याला कोर्टात. निष्काळजी म्हणतो मला!”

“ते त्याचं मत झालं. नुसत्या मतावर सहसा दावा उभा राहत नाही. पण मुदत संपलेलं इंजेक्शन, हा आरोप आहे. खोटा असेल तर त्याला धरता येईल. बाटली आहे?”

“आहे की! मुदत कुठे संपलीये तिची?”

“मग ती जपून ठेव. त्याच्या मजकुराचे तारीख दिसेल असे फोटो काढ. आणि तू तिथे एक अक्षरही लिहू नकोस.”

तिने दात-ओठ खात गप्प राहायचं ठरवलं. दादाने नोटीस धाडली. उत्तर उलटंच आलं : बदनामी तुम्हीच करताय. सोबत एक मजकूर जोडलेला, ‘हा माणूस मांजरीला उपाशी ठेवायचा.’ लिहिणाऱ्याचं नाव खोटं, पण खात्यावरच्या फोटोत तिच्याच घरच्या बाल्कनीतला वेताचा झोपाळा.

“हे तू लिहिलंस?” तिने नवऱ्याला विचारलं.

“मग काय, हातावर हात धरून बसू? लोक तुला वाट्टेल ते बोलतायत!”

“अरे, उपाशी ठेवायचा हे तुला कुणी सांगितलं? त्याने केलं तेच तू केलंस! आता कुठल्या तोंडाने कोर्टात जाऊ?”

 हे कळल्यावर दादाने कपाळाला हात लावला.

शेवटी तडजोड झाली. त्या माणसाने आणि नवऱ्याने आपापला मजकूर काढला. ‘इंजेक्शनबद्दल माझा गैरसमज झाला,’ असंही त्या माणसाने लिहिलं. ते कुणी पुढे पाठवलं नाही. आधीच्या मजकुराचे फोटो मात्र फिरतच राहिले.

“दिसेल तिथे तक्रार कर, काढायला लाव,” दादा म्हणाला. “पसरवणाऱ्यांनाही नोटीस देता येते.”

“म्हणजे जनावरं कधी तपासू?”



ती दवाखान्यात आली, तर एक बाई मांडीवर ससा घेऊन बसलेली. हिने ते वाचलंय का, विचारावंसं वाटलं. विचारून काय करायचं होतं?

“आणा इकडे,” ती म्हणाली. “कधीपासून खात नाही हा?”